व्हीपीएन जोडलंय, पण ऑफिसचा सर्व्हर नावाने सापडत नाही? हे तपासा

व्हीपीएन 'कनेक्टेड' दाखवतंय, बाहेरच्या साइट्स उघडतायत, फक्त ऑफिसचा फाइल सर्व्हर सापडत नाही. अशा वेळी अनेक जण डीएनएसच्या (नावावरून आयपी पत्ता शोधून देणाऱ्या यंत्रणेच्या) रकान्यात ८.८.८.८ टाकून मोकळे होतात. तो गूगलचा सार्वजनिक सर्व्हर. कंपनीच्या आतली नावं त्याला कुठून ठाऊक असणार? सेटिंग्जना हात लावण्याआधी आपला संगणक नाव नेमकं कोणाला विचारतोय, ते शोधा. खालच्या पायऱ्या विंडोजसाठी आहेत. कमांड अर्थातच रोमनमध्ये टाइप करायच्या.

१. सर्व्हरचा आयपी पत्ता आयटीवाल्यांकडून घ्या. कमांड प्रॉम्प्टमध्ये आधी पत्त्याला पिंग करा (म्हणजे तिकडून उत्तर येतंय का ते तपासा), मग नावाला. पत्ता उत्तर देतो पण नाव सापडत नाही, तर दोष डीएनएसचा. दोन्ही गप्प असतील तर लगेच निष्कर्ष काढू नका. काही ठिकाणी पिंग मुद्दाम अडवलेलं असतं. तेव्हा पत्ता वापरून फोल्डर उघडून बघा.

२. सर्व्हरच्या 'फाइल्स'सारख्या नुसत्या छोट्या नावाऐवजी डॉटसकट पूर्ण नाव टाका. तेवढ्याने चाललं, तर डीएनएस सफिक्स, म्हणजे छोट्या नावापुढे आपोआप जोडला जाणारा कंपनीचा भाग, मिळत नाहीये. व्हीपीएन कनेक्शनच्या आयपीव्ही४ प्रॉपर्टीजमध्ये, 'अॅडव्हान्स्ड'खालच्या डीएनएस टॅबमध्ये तो भरता येतो.

३. आता 'आयपीकॉन्फिग /ऑल' चालवा आणि व्हीपीएन अॅडॉप्टरसमोरचे डीएनएस सर्व्हर बघा. तिथे काहीच नसेल, तर बहुधा व्हीपीएन सर्व्हरच ते पाठवत नाहीये, आयटीला कळवा. पत्ता असेल तर 'एनएसलुकअप', पुढे सर्व्हरचं पूर्ण नाव आणि त्यापुढे तो पत्ता, असं विचारा.

इथे 'टाइम्ड आउट' आलं, तर डीएनएस सर्व्हरपर्यंतचा रस्ताच नाही. स्प्लिट टनेलमध्ये (फक्त ऑफिसची वाहतूक व्हीपीएनमधून, बाकीची थेट इंटरनेटवर) त्याचा रूट राहून गेलेला असू शकतो. याहून चकवणारं कारण म्हणजे घरचं आणि ऑफिसचं नेटवर्क एकाच रेंजमध्ये असणं. ऑफिसचा डीएनएस १९२.१६८.१.१० वर आणि घरचा राउटरही १९२.१६८.१.१ वर, म्हणजे लॅपटॉप ऑफिसचा सर्व्हर घरातच शोधत बसतो. घरच्या राउटरची रेंज बदला, उदाहरणार्थ १९२.१६८.७७.१. ऑफिसची रेंज बदलून मिळण्याची वाट बघण्यापेक्षा हे कितीतरी सोपं.

४. एनएसलुकअपला बरोबर उत्तर मिळतं, पण पिंगला नाव सापडत नाही? एनएसलुकअप विंडोजचा कॅशे (आधी मिळालेल्या उत्तरांचा साठा) आणि होस्ट्स फाइल (संगणकातली नावं-पत्त्यांची यादी) पाहत नाही, म्हणून हा फरक पडू शकतो. 'आयपीकॉन्फिग /फ्लशडीएनएस' करा, होस्ट्स फाइलमध्ये जुनी नोंद राहिलीय का बघा. तरीही अडलं, तर डीएनएस टॅबशेजारच्या आयपी सेटिंग्ज टॅबमध्ये 'ऑटोमॅटिक मेट्रिक'ची खूण काढून व्हीपीएनला वायफायपेक्षा लहान मेट्रिक, म्हणजे प्राधान्याचा आकडा, द्या. लहान आकड्याच्या अॅडॉप्टरला विंडोज आधी मान देतं.

५. सगळं चालतं, फक्त ब्राउझरच अडतो? मग त्याच्या सेटिंग्जमधला 'सिक्युअर डीएनएस' तात्पुरता बंद करून बघा. तो चालू असला की ब्राउझर ऑफिसच्या डीएनएसला वळसा घालून थेट बाहेरच्या सर्व्हरला विचारू शकतो.