स्मार्टफोन की साधा फोन? घेताना आणि घेतल्यावर या चुका टाळा

गेल्या वर्षी पालख्या पुण्यात मुक्कामी होत्या. गर्दी चुकवत, गल्लीबोळांतून वाट काढत मी तापकीर गल्लीत पोचलो आणि आत्यासाठी बटणांचा फोन घेतला. तिची तक्रार साधी होती. "या काचेवर बोट टेकलं की भलत्यालाच फोन लागतो. मला आपला बटणांचा आणून दे." दुकानदाराने खोका उघडता उघडता विचारलं, "सिम कुठलंय आजींचं?" मी म्हटलं, "असेल कुठलं तरी, चालू आहे." त्याने एकदा माझ्याकडे बघितलं आणि बिल फाडलं.

घरी येऊन सिम घातलं. रेंजच्या दांड्या काही उगवेनात. पडद्यावर फक्त 'इमर्जन्सी कॉल'. सिम काढलं, शर्टाला पुसलं, परत घातलं. बॅटरी काढून लावली. गॅलरीत जाऊन हात वर करून उभा राहिलो. आत्या म्हणाली, "फोन छान आहे रे. लागेल कधी?"

सिम फक्त ४जीवर चालणारं आणि फोन निव्वळ २जीचा. चूक दुकानदाराची नव्हती, त्याने विचारलं होतं. तेव्हापासून नातेवाइकांत कुणीही "आईला कुठला फोन घेऊ?" असं विचारलं की मी फोनबद्दल बोलतच नाही. आधी नंबराची चौकशी करतो. सिम कुठलं, त्या नंबरला काय काय जोडलंय, ओटीपी कुणाच्या हातात पडतो. एवढं कळलं की निम्मा निर्णय झालेला असतो.

सिम न बघता फोन घेणं

जिओचं नेटवर्क सुरुवातीपासून ४जीचं, आता ५जीही. तिथे २जी नाहीच, त्यामुळे त्यांचं सिम २जी फोनमध्ये कितीही पुसून घातलं तरी चालणार नाही. एअरटेल, व्हीआय आणि बीएसएनएलचं सिम साध्या २जी फोनमध्येही बोलायला चालतं. बटणांचा फोन घ्यायचाच असेल तर खोक्यावर '४जी' आणि 'व्हीओएलटीई' (VoLTE, म्हणजे ४जीवरून बोलण्याची सोय) हे दोन्ही शब्द शोधा. थोडे पैसे जास्त जातात, पण पुढे सिम बदलायची वेळ आली तर फोन बाद होत नाही.

उलटा सापळाही आहे. २०१७ साली आलेला जिओफोन किंवा २०२३ मधला जिओभारत हे फोन त्याच कंपनीच्या सिमला बांधलेले आहेत. कुणी "घरात पडून आहे, घेऊन जा" म्हणून दिला आणि तुमचं सिम दुसऱ्या कंपनीचं असलं, तर तो तुमच्याही घरात पडूनच राहणार.

आणि सिमचा आकार. स्मार्टफोनमधलं सिम नखाएवढं, बटणांच्या फोनची खाच बहुतेक वेळा मोठी. नवीन सिम ज्या प्लॅस्टिकच्या चौकटीतून येतं ती टाकून देऊ नका, तीच इथे लागते. नुसतं छोटं सिम खाचेत सरकवलं तर ते तिरकं बसतं. मग ते बाहेर काढताना आतल्या पिना वाकतात आणि फोन 'सिम घाला' म्हणत राहतो.

वय बघून ठरवणं

ही चूक सगळ्यात जास्त घरांत दिसते. सत्तरी ओलांडली की बटणांचा, चाळिशीत असला की स्मार्टफोन. प्रत्यक्षात आमच्या सोसायटीतले एक निवृत्त काका वीजबिल, मिळकतकर सगळं स्वतः भरतात. त्यांच्या मुलाने काळजीपोटी त्यांना साधा फोन दिला आणि दर महिन्याची सगळी बिलं मुलाच्याच गळ्यात पडली. उलट चाळिशीचे कितीतरी दुकानदार गल्ल्याजवळ बटणांचा फोन ठेवतात, कारण त्यांना दिवसभर फक्त बोलायचं असतं. पालख्या मुक्कामी असताना भवानी पेठेत किंवा नाना पेठेत चक्कर मारा. गळ्यात प्लॅस्टिकच्या पिशवीत बटणांचा फोन अडकवलेले वारकरी दिसतील. एकदा चार्ज केला की दोन-चार दिवस बघायला नको, ही सोय वारीत पडद्याच्या आकारापेक्षा मोठी.

म्हणून वय विचारू नका. ती व्यक्ती आज स्वतः काय करते आणि कशासाठी दुसऱ्याला हाक मारते, ते विचारा. पैसे स्वतः पाठवते का? नातवंडांना बघायला व्हिडिओ कॉल लागतो का? ऐकू कमी येतं की दिसतं कमी?

यात काही कारणं उगाच पुढे केली जातात. "पेन्शनच्या हयातीच्या दाखल्यासाठी स्मार्टफोन हवाच" हे मी अनेकदा ऐकलंय. चेहरा दाखवून जीवन प्रमाण देण्याची सोय २०२१ पासून आहे आणि त्याला स्मार्टफोन लागतो हे खरं. पण तो स्वतःचाच असावा असं काही नाही. मुलाच्या, सुनेच्या, शेजाऱ्याच्या फोनवरून काम होतं, तेही वर्षातून एकदा. मेट्रोचं तिकीटही खिडकीवर मिळतंच. एवढ्यासाठी कुणाच्या हातात नको असलेला पडदा देऊ नका.

पैशांचंही तसंच. बटणांच्या फोनवर यूपीआय होत नाही हा समज आता जुना झाला. रिझर्व्ह बँकेने मार्च २०२२ मध्ये यूपीआय १२३पे सुरू केलं. ठरलेल्या नंबरवर फोन लावून, सूचना ऐकत, बटणं दाबत पैसे पाठवता येतात. एका व्यवहाराची मर्यादा पूर्वी ५,००० रुपये होती, ती वाढवून १०,००० केली. *९९# लावून, पडद्यावरचे पर्याय निवडत पैसे पाठवायची जुनी सोयही आहे. मात्र दोन्हीकडे नंबर बँकेत नोंदलेला हवा, आणि पिन ठरवायला बहुधा डेबिट कार्ड लागतं. आत्याच्या पासबुकाला दहा वर्षांपूर्वीचा नंबर होता. ते आम्हाला बँकेत जाऊन बदलावं लागलं, आणि खरा वेळ त्यातच गेला.

व्हॉट्सॲप मात्र साध्या फोनवर धरून चालू नका. कायओएस नावाच्या प्रणालीवर चालणाऱ्या बटणांच्या फोनांत ते होतं, पण २०२४ मध्ये नव्याने उतरवून घेणं बंद झालं. "यात व्हॉट्सॲप चालतं" असं जुन्या खोक्यावर छापलेलं दिसलं तर त्यावर विसंबून पैसे देऊ नका. आणि व्हॉट्सॲपच हवं असेल तर प्रश्न मिटला, स्मार्टफोन घ्या.

"ओटीपी येतच नाही" आणि इतर दुखणी

साध्या फोनबद्दल मला येणाऱ्या फोनांपैकी निम्मे याच एका तक्रारीचे असतात. बँकेला शिव्या घालण्याआधी मेसेजची पेटी उघडा. स्वस्त बटणांच्या फोनमध्ये ठरावीक संख्येएवढेच मेसेज मावतात. कर्ज घ्या, प्लॉट घ्या, रिचार्ज संपतोय, अशा मेसेजनी पेटी भरली की नवा मेसेज आत शिरतच नाही. वर पाकिटाचं चिन्ह लुकलुकतं, पण ते कुणी बघत नाही. सगळे मेसेज एकदम पुसा, अडकलेला ओटीपी धडाधड येऊन पडतो (अर्थात तोवर त्याची मुदत गेलेली असते, पुन्हा मागवा). नंतर १९०९ ला फोन करून जाहिरातींचे मेसेज बंद करून घ्या. बँकेचे ओटीपी त्याने थांबत नाहीत.

दुसरं, "आई फोनच उचलत नाही". घाबरून कुणाला तरी घरी पाठवतात आणि आई मजेत भाजी निवडत बसलेली असते. बऱ्याच बटणांच्या फोनमध्ये # चं बटण दाबून धरलं की फोन मुका होतो. पिशवीत, चष्म्याच्या घराखाली ते बटण आपोआप दाबलं जातं. तेच बटण पुन्हा दाबून धरलं की आवाज परत येतो. बटणांचं आपोआप लागणारं कुलूप सुरू केलं तर हा प्रकार थांबतो, आणि पिशवीतून परस्पर लागणारे फोनही.

बॅटरी काढून घातली की काही फोन तारीख विसरतात आणि कुठल्या तरी जुन्या सालात जाऊन बसतात. गोळ्यांसाठी लावलेला गजर मग भलत्या वेळी वाजतो. बॅटरी काढली की तारीख-वेळ बघायची, एवढी सवय लावा. त्याच हाताने बॅटरी काचेच्या टेबलावर आडवी ठेवून बोटाने फिरवा. भोवऱ्यासारखी फिरली तर ती मधोमध फुगलीय, बदलून टाका. सपाट बॅटरी फिरत नाही.

नावं सिमवर साठवायची असतील तर ती आखडती ठेवा. सिममध्ये लांब नावाचं शेपूट तुटतं आणि एका नावाला बहुधा एकच नंबर बसतो. 'डॉक्टर कुलकर्णी दातांचे' आणि 'डॉक्टर कुलकर्णी हाडांचे' यांचा 'डॉक्टर कुलकर्णी' होतो. मग दात दुखला की हाडवाले सापडतात.

घरातला जुना स्मार्टफोन पुढे ढकलणं

नवा फोन घेतला की जुना आईला, नाहीतर कामाच्या मावशींना. हेतू चांगला, पण देताना दोन गोष्टी राहतात. एक, गुगल खातं. सेटिंगमधून खातं न काढता, बटणं दाबून फोन कोरा केला तर तो सुरू होताना जुन्या मालकाचा पासवर्ड मागतो. आमच्याकडच्या मावशी तसा फोन घेऊन तीन दुकानं फिरल्या. प्रत्येकाने "चोरीचा आहे का?" असंच विचारलं. मला लाज वाटली. आधी खातं काढायचं, मग फोन कोरा करायचा, याच क्रमाने.

दोन, फोनचं वय. ऑक्टोबर २०२३ पासून अँड्रॉइड ५ च्या खालच्या फोनवर व्हॉट्सॲप चालत नाही. मग ज्या कामासाठी स्मार्टफोन दिला तेच होत नाही. अगदी कमी साठवणीचा नवा स्वस्त फोनही याच वाटेने जातो. 'गुड मॉर्निंग'च्या फुलांनी महिन्याभरात भरतो आणि 'जागा नाही' म्हणतो. व्हॉट्सॲपमधलं मीडिया आपोआप उतरवणं पहिल्याच दिवशी बंद करा.

साधा फोन म्हणजे फसवणूक नाही, हा समज

लिंक आणि एपीके फाइलचा (उघडली की फोनमध्ये ॲप बसवणारी फाइल) धोका साध्या फोनला नाही, एवढंच खरं. लग्नपत्रिकेच्या किंवा वाहनाच्या दंडाच्या नावाने आलेली फाइल त्यात उघडणारच नाही. पण "मी बँकेतून बोलतोय, नंबर सांगा" हा फोन दोन्हीकडे सारखाच वाजतो. १९३० हा सायबर तक्रारीचा नंबर फोनच्या मागे चिकटपट्टीखाली लिहून ठेवा. पैसे गेले की घरच्यांना सांगायची लाज वाटते आणि त्यात वेळ जातो.

डेटाचे पैसे भरत राहणं

बटणांच्या फोनला रोजचा दीड-दोन जीबी डेटा कशाला? ट्रायने, म्हणजे फोन कंपन्यांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने, डिसेंबर २०२४ मध्ये नियम बदलून प्रत्येक कंपनीला फक्त बोलणं आणि एसएमएस असलेला किमान एक रिचार्ज ठेवायला लावला. मुदत ३६५ दिवसांपर्यंत असू शकते. मागितल्याशिवाय तो कुणी दाखवत नाही, नाव घेऊन मागा.

आत्याचं शेवटी असं जमलं. ४जी बटणांचा फोन, त्यात तिचं नेहमीचं सिम, बँक आणि गॅस त्याच नंबरला. जुना स्मार्टफोन सिमशिवाय घरच्या वायफायवर, टीव्हीशेजारी उभा. त्यातलं व्हॉट्सॲप याच नंबरचं. नातीचा व्हिडिओ कॉल आला की ती त्याच्यासमोर खुर्ची ओढून बसते, बोट लावत नाही. उचलायला लागतं ना, म्हटलं. म्हणाली, "ते मी पेन्सिलीच्या रबराने उचलते." मी म्हटलं, चालणार नाही ते, काचेला बोटच लागतं. तेवढ्यात फोन वाजला. तिने रबर टेकवलं, काही झालं नाही. मग करंगळी टेकवून तो उचलला आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "बोल गं."