जुना पंप भंगारात देताय? या चुका टाळा

चवथीची (गणेश चतुर्थीची) साफसफाई सुरू झाली की आमच्या गोव्यात डिचोली-सत्तरीच्या बाजूला मागच्या पडवीतनं जुन्या मोटरी बाहेर निघतात. विहिरीवरचा अर्धा एचपीचा पंप, कुळागरातली (माडा-पोफळीच्या बागेतली) एक एचपीची मोनोब्लॉक म्हणजे पंप आणि मोटर एकत्र असलेली, बोअरमधनं वर काढलेली सबमर्सिबल म्हणजे पाण्यात बुडून चालणारी, सगळं एका कोपऱ्यात गंजत पडलेलं असतं. तेवढ्यात भंगारवाल्याचा टेम्पो दारात येतो आणि आपण "घेऊन जा बाबा एकदाचं" म्हणून जो भाव सांगेल त्या भावाला देऊन मोकळे होतो. माझंही असंच नुकसान झालंय म्हणून लिहितोय.

माझ्याकडनं झालेली चूक म्हणजे चालू होऊ शकणारा पंप भंगारात गेला. आपल्याकडे कुळागरातला पंप पावसाचे चार-पाच महिने बंदच असतो, दिवाळीनंतर बटण दाबलं की नुसता घूं आवाज, फिरायचं नाव नाही. मला वाटलं वाइंडिंग (मोटरच्या आतली तारेची गुंडाळी) जळलं, दिला लोखंडाच्या भावात. नंतर एका वाइंडिंगवाल्याने समजावलं की घूं करते ती मोटर बहुतेक वेळा जळलेली नसतेच, एक तर कॅपॅसिटर (मोटरला सुरू व्हायला जोर देणारा छोटा डबा) गेलेला असतो नाहीतर आत गंज धरून इम्पेलर (पाणी ढकलणारं चक्र) जाम झालेला असतो. जळलेल्या मोटरचा उग्र वास येतो, लावल्या लावल्या एमसीबी (बोर्डावरचा आपोआप पडणारा स्विच) पडतो. दोन महिने ती गोष्ट माझ्या डोक्यातनं जात नव्हती.

म्हणून आधी हे बघा. प्लग काढा, मागचं पंख्याचं कव्हर खोला आणि पंखा हाताने फिरवून बघा. सहज फिरतो आणि तरी सुरू होत नाही तर कॅपॅसिटरवर संशय घ्या, अर्ध्या एचपीला बहुतेक १० एमएफडीचा (मायक्रोफॅरड, कॅपॅसिटरचं माप) आणि एक एचपीला २० किंवा २५ चा असतो, पण जुन्यावर जो आकडा छापलाय तोच आणायचा, नवा पंप घेण्याच्या मानाने ही किरकोळ गोष्ट आहे. पंखा हलतच नसेल तर पंपाच्या तोंडाकडचे बोल्ट खोलून इम्पेलरभोवतीचा गंज पॉलिश पेपरने काढा, शाफ्ट दोन्ही बाजूंना थोडा थोडा हलवा, जोर लावून तोडू नका. पिण्याच्या पाण्याचा पंप असेल तर आत रॉकेल अजिबात ओतू नका. परत परत बटण दाबून हट्टाने घूं घूं करत बसू नका, तसं थोडा वेळ ठेवलं तरी चांगलं वाइंडिंग खरंच जळू शकतं.

एवढं करूनही मेलेलाच निघाला तर मग भंगार. इथली मोठी चूक म्हणजे अख्खी मोटर लोखंड म्हणून वजनावर देणं. मोटरच्या वजनाच्या शंभरात आठ-दहा भाग तांबं असतं असा ढोबळ अंदाज धरा, म्हणजे १४ किलोच्या पंपात सव्वा किलोच्या आसपास. तांब्याचा भाव लोखंडाच्या वीस पटीहून जास्त असतो, त्यामुळे ते सव्वा किलो तांबं बाकीच्या सगळ्या बिडा-पत्र्याहून (बीड म्हणजे ओतीव लोखंड) जास्त किमतीचं ठरतं. भंगारवाल्याला हे पक्कं माहीत असतं. विचारताना "लोखंड काय भाव" असं विचारूच नका, "तांब्याच्या वाइंडिंगची मोटर अख्खी काय भाव" असं विचारा, आणि दोन-तीन ठिकाणी फोन करा, म्हापशाचा आणि फोंड्याचा भाव सारखा असेलच असं नाही, रोजचा भावही हलतो.

पण वाइंडिंग तांब्याचंच आहे ना ते आधी बघा, कारण स्वस्तातल्या बऱ्याच पंपांत अ‍ॅल्युमिनियमची तार असते आणि वरच्या वॉर्निशमुळे ती पण तांबूसच दिसते. ब्लेडने थोडी खरवडा, आत पांढरी चकाकली तर अ‍ॅल्युमिनियम. हे लपवून तांबं म्हणून विकायला जाऊ नका, समोरचा खरवडून बघतोच.

तांबं वेगळं काढायच्या नादात मोटर जाळतात ते मला अजिबात पटत नाही. वॉर्निश आणि पीव्हीसीचा तो काळा धूर घरातल्या लहान मुलांच्या छातीत जातो, आजूबाजूच्यांना त्रास होतो आणि वर जळालेल्या तांब्याला भावही कमी येतो. छिन्नी-हातोड्याने अर्धवट फोडून ठेवलेली मोटर पण काटछाट करूनच घेतात. अर्ध्या-एक एचपीची असेल तर अख्खीच द्या, खूप मोटरी असतील तरच वाइंडिंगवाल्याकडनं खोलून घ्या.

खोलण्याआधी कॅपॅसिटर सांभाळा, प्लग काढल्यावरही त्यात करंट साठून राहतो. दोन तारांना जुना पिवळा बल्ब लावून तो उतरवा, स्क्रूड्रायव्हरने ठिणगी पाडू नका. सबमर्सिबल तेलाची असेल तर ते तेल विहिरीजवळ सांडू नका, डब्यात काढा.

आणखी एक, सुटं सामान मोटरबरोबर फुकट जातं. पितळी फूटव्हॉल्व्ह (विहिरीतल्या पाइपच्या तळाची झडप), पितळी इम्पेलर, सबमर्सिबलची लांब चपटी तांब्याची केबल, हे सगळं आधी काढून वेगळं वजन करा. पितळ आहे का बीड ते लोहचुंबकाने लगेच कळतं, बिडाला चिकटतं, पितळाला नाही.

वजनाचं सांगायचं तर हातात धरायच्या स्प्रिंग काट्यावर विश्वास ठेवू नका. घरातली न फोडलेली ५ किलोची तांदळाची पिशवी आधी त्या काट्यावर ठेवून बघायला सांगा, नको म्हणाला तर मोटर परत आत. आणि भाड्याच्या घरात असाल तर पंप भाटकाराचा (मालकाचा) आहे का तुमचा ते विचारूनच विका. कुळागरातनं मोटरी चोरीला जातात, त्यामुळे विकताना नेमप्लेटचा फोटो काढून ठेवा आणि पैसे घेताना चिठ्ठीवर वजन, भाव, तारीख लिहून घ्या.