उकरलेल्या जुन्या बोगनवेलीची पालवी एकाएकी सुकते: माझा अनुभव

बोन्सायसाठी उकरून कुंडीत लावलेल्या जुन्या बोगनवेलीला भरघोस पालवी फुटते आणि काही आठवड्यांनी ती एकाएकी माना टाकते, हे लक्षण दादरच्या आमच्या सोसायटीतील जाडजूड खोडांवर मी पुन्हा पुन्हा पाहिले. लाल माती, शेणखत, मुळे फुटण्याची पावडर, दोन वेळचे पाणी, कशानेही फरक पडेना आणि वैताग मात्र पुरेपूर झाला. अखेर सुकलेले खोड उपटून पाहिले, तेव्हा बुंध्याशी एकही पांढरे मूळ नव्हते आणि कापलेला भाग काळा, बुळबुळीत झाला होता. म्हणजे पालवी आली होती ती केवळ खोडातील अन्नसाठ्यावर.

लागू पडलेला क्रम असा. फेब्रुवारीअखेरीस खोड हव्या त्या उंचीवर कापून वरची जखम कट-पेस्टने (झाडाच्या कापलेल्या जागेवर लावायच्या लेपाने) बंद केली. जाड मुळे करवतीने सपाट कापून त्यांच्या फाटक्या कडा धारदार चाकूने गुळगुळीत केल्या आणि चिकट माती पूर्ण धुऊन काढली. विटांचा चुरा चाळून 3 ते 6 मिमीचे खडेच कुंडीत भरले. खोड तारेने असे आवळले की ते तसूभरही हलू नये, कारण हलत्या खोडाची कोवळी मुळे तुटतात. वरून पारदर्शक पिशवी बांधून कुंडी सावलीत ठेवली. वरचा थर कोरडा दिसला तरच पाणी, खत मुळीच नाही आणि पालवी कितीही माजली तरी कात्री नाही. तळाच्या भोकांतून पांढरी मुळे डोकावल्यावरच पिशवीला छिद्रे पाडत ती हळूहळू काढली.

बोगनवेलीऐवजी वृक्ष उकरायचा असल्यास, तो सोसायटीच्या आवारात असला तरी, महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाची परवानगी आधी घ्यावी.