कोल्हापूर ते लंडन: तास घरापासून मोजा

मुंबई ते लंडन हवाई अंतर साधारण 7,200 किलोमीटर. त्याला ताशी 900 नं भागून आठ तास धरून बसू नका. चढा-उतरायला वेळ जातो, गर्दी असली तर लंडनच्या हीथ्रो विमानतळावर घिरट्या घालाव्या लागतात, आणि जाताना वरचा पश्चिमेचा वारा तोंडावर असतो. येताना तोच पाठीशी, म्हणून परतीला वेळ कमी लागतो. त्यात 2025 च्या एप्रिलमध्ये पाकिस्ताननं हवाई हद्द बंद केल्यापासून भारतीय कंपन्यांच्या विमानांना वळसा पडतोय. नऊ-दहा तास धरा.

तिकिटावरची वेळ त्या-त्या गावची असते. दुपारी 1 ला सुटून संध्याकाळी 6 ला पोचलं म्हणजे पाच तासांत लंडन, असं नव्हे. उन्हाळ्यात तिथलं घड्याळ आपल्यामागं साडेचार तास, म्हणजे प्रवास साडेनऊचा. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपासून मार्चच्या शेवटच्या रविवारपर्यंत हाच फरक साडेपाचचा होतो. न्यायला येणाऱ्या पाव्हण्यांना तिथलीच वेळ कळवा.

आता खरी गोम. मुंबई गाठायलाच रस्त्यानं आठ-नऊ तास जातात. म्हणजे लंडनचं निम्मं अंतर वेळेच्या हिशेबात पुण्याच्या वाटेवरच संपतं! विमानतळावर तीन तास आधी, वर घाटात किंवा पनवेलला अडकायचे दोन. पावसाळ्यात तर एक दिवस आधीच मुंबईत मुक्कामाला जा, यात काटकसर नको. 2019 आणि 2021 ला पंचगंगेचं पाणी शिरोलीजवळ हायवेवर आलं आणि वाहतूक ठप्प झाली. महालक्ष्मी एक्स्प्रेसनं जाणार असाल तर सीएसएमटीपर्यंत जाऊ नका, दादरला उतरा. तिथनं विमानतळ जवळ.

उजळाईवाडीहून, म्हणजे कोल्हापूरच्याच विमानतळावरून, विमान घेणार? झकास, पण दोन्ही प्रवास एकाच तिकिटावर आहेत का ते आधी बघा. वेगळी तिकिटं असतील आणि पहिलं विमान रखडलं, तर पुढच्या विमानाची जबाबदारी कुणी घेत नाही. मुंबईत सामान परत घ्या, लागलं तर टर्मिनल बदला, पुन्हा रांगेत उभं राहा. देशांतर्गत विमानात बॅगेला बहुतेक 15 किलोच चालतात, परदेशी तिकिटावर 23 लिहिलं असलं तरी. वजन घरीच करा. काट्यासमोर बॅग उघडून आईनं दिलेल्या डब्यांतला कुठला काढायचा यावर चाललेली घरगुती भांडणं बघण्यासारखी असतात.

सुकं खोबरं मोठ्या बॅगेत चालत नाही, ते तेलामुळं पेट घेऊ शकतं. पॉवर बँक हातातल्या बॅगेतच. पातळ काहीही, लोणच्याचं तेल धरून, हातातल्या बॅगेत 100 मिलिपेक्षा जास्त नको. पासपोर्ट, व्हिसा आणि तिथला पत्ता यांच्या झेरॉक्स वेगळ्या पाकिटात ठेवा. सोडायला निम्मी गल्ली येणार असेल तर त्यांना आधीच सांगा, तिकीट नसलेल्यांना आत सोडत नाहीत.