ओव्हनमध्ये भाजलेले बटाटे कुरकुरीत होण्यासाठी
बटाट्याच्या मोठ्या फोडी २ लिटर खारट पाण्यात अर्धा चमचा खाण्याचा सोडा घालून कडा मऊ पडेपर्यंत उकडाव्यात. सोड्यामुळे फोडींच्या पृष्ठभागावरील पेक्टिन (पेशींना एकत्र धरून ठेवणारा घटक) लवकर सुटते आणि तेथे पिठूळ थर तयार होतो, जो पुढे भाजल्यावर कुरकुरीत होतो. निथळलेल्या फोडी काही मिनिटे उघड्या ठेवून त्यांची वाफ जाऊ द्यावी, कारण ओलसर फोडी भाजल्या न जाता वाफवल्या जातात, आणि घाईत बहुधा हीच पायरी गाळली जाते. मग तेल घालून भांडे जोराने हलवावे, म्हणजे कडा खरबरीत होतात. तापलेल्या ट्रेमध्ये फोडी सुट्या पसरून २२० अंश सेल्सिअसला सुमारे ४५ मिनिटे, मध्ये एकदा उलटून, भाजाव्यात. लसूण शेवटीच घालावा. आधी घातल्यास तो करपून कडू होतो.