रस्त्यावर अनोळखी माणसाशी राजकारण बोलताय? या चुका टाळा

नवे कार्यकर्ते पहिल्याच दिवशी तक्रार करतात की कोणी थांबतच नाही. बऱ्याचदा दोष जागेचा असतो. घाईत असलेला माणूस कुणासाठीच थांबत नाही. बसची वाट बघणारा किंवा बाकावर टेकलेला माणूस मात्र बोलतो. वाट अडवू नका, थोडं बाजूला उभे राहा. आणि घोळक्याने तर अजिबात उभे राहू नका. आपसात गप्पा मारणाऱ्या चार-पाच जणांकडे कोणी फिरकत नाही, आणि ते सगळे पुढे सरसावले की समोरच्याला घेरल्यासारखं वाटतं. दोघे पुरे.

‘दोन मिनिटं आहेत का?’ असं विचारलंत की ‘नाही’ हे उत्तर तयारच असतं. ‘सरकारबद्दल तुमचं मत काय?’ हा प्रश्नही जड जातो, कारण माणसाला आपली परीक्षा घेतली जातेय असं वाटतं. आपण कोण, कोणत्या संघटनेकडून आलोय हे एका वाक्यात सांगा आणि एकाच ठोस विषयावर या : ‘घरभाड्यावर मर्यादा असावी असं तुम्हाला किती वाटतं? ० ते १० मध्ये सांगा.’ आकडा सांगायला सोपा असतो. कोणी ४ म्हणालं, तर ‘२ का नाही?’ असं विचारा. मग तो माणूस स्वतःच मर्यादेच्या बाजूची कारणं सांगू लागतो.

पत्रक सुरुवातीलाच हातात देऊ नका. ते घेऊन लोक निघून जातात.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे मुद्द्यांचा मारा. आपल्याकडे आकडेवारी आहे, आपण बरोबर आहोत, मग समोरच्याला पटायलाच हवं, असं आपण धरून चालतो. अमेरिकेतल्या अभ्यासांतून वेगळं चित्र दिसतं. डेव्हिड ब्रुकमन आणि जोशुआ कल्ला या राज्यशास्त्राच्या अभ्यासकांनी मायामीत ५०१ मतदारांवर केलेला प्रयोग २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. ट्रान्सजेंडर लोकांविषयीचा पूर्वग्रह सुमारे १० मिनिटांच्या संवादाने कमी झाला आणि तो परिणाम किमान ३ महिने टिकला. पुढे त्यांनीच केलेल्या एका प्रयोगात दोन्ही बाजूंच्या अनुभवांची देवाणघेवाण वगळून नुसते युक्तिवाद ठेवले, तेव्हा परिणाम दिसला नाही. हे संवाद घराच्या दारात झाले होते. रस्त्यावर वेळ कमी मिळतो, म्हणून तेवढ्याच फळाची खात्री मी देणार नाही. तरी पद्धत तीच धरावी असं मला मनापासून वाटतं. ‘तुमच्या घरात याची झळ कुणाला बसलीय का?’ असं विचारा, उत्तर पूर्ण होईपर्यंत गप्प राहा, मग आपला खरा अनुभव सांगा. रचलेला नको. लोकांना तो लगेच कळतो.

आता नेहमीच्या अडचणी. ‘सगळे सारखेच चोर’ असं कोणी म्हणालं की कार्यकर्ता आपल्या पक्षाची बाजू सावरायला लागतो आणि बोलणं तिथेच संपतं. त्या वाक्यामागे बहुधा एखादा फसलेला अर्ज, एखादं न पाळलेलं आश्वासन असतं. ते विचारा. कोणी चढ्या आवाजात भांडायला लागलं, तर आवाज खाली ठेवा, वेळ दिल्याबद्दल आभार माना आणि बाजूला व्हा. बघे जमले की दोघांपैकी कुणालाच माघार घेता येत नाही. परवानगीशिवाय चित्रीकरण करू नका. कॅमेरा दिसला की मोकळेपणा जातो.

उलटी अडचणही असते. आधीपासूनच सहमत असलेला माणूस अर्धा तास बोलत राहतो आणि आपल्याला बरं वाटतं म्हणून आपणही थांबतो. त्याला लगेच काम द्या : ‘पुढच्या बैठकीला येता का?’ हो म्हणाला तर तिथेच फोन नंबर घ्या, नाहीतर तो पुन्हा भेटत नाही. संपर्क कशासाठी करणार हेही सांगा आणि तेवढ्यासाठीच करा.

प्रत्येक बोलण्यानंतर लगेच दोन ओळी टिपा : आकडा किती, अनुभव काय, पुढे काय ठरलं. संध्याकाळपर्यंत सगळे चेहरे एकमेकांत मिसळतात, आणि दिलेला शब्द नेमका कुणाला दिला होता तेच आठवत नाही.