झुडपांच्या ताटव्यातील तण : रसायनांशिवाय बंदोबस्त आणि निगा

कुंपणालगत लावलेल्या झुडपांच्या ताटव्यात तण माजले की बहुतेक जण खुरपे घेऊन दिसेल ते हिरवे वरवर खरडून काढतात आणि पंधरा दिवसांत तेच तण पुन्हा उभे राहिलेले पाहून तणनाशकाची बाटली आणतात. त्या बाटलीवाचून काम उत्तम होते. मात्र कोणते तण कशाच्या बळावर तगते हे आधी ओळखावे लागते, कारण एका तणाचा जो उपाय असतो तोच दुसऱ्याला पसरायला मदत करतो.

बियांवर वाढणाऱ्या तणांचे काम सोपे असते. दुधी, रानमाठ, गाजर गवत यांसारखी तणे फुलावर येण्यापूर्वी निघाली की प्रश्न मिटतो. पाऊस किंवा पाणी दिल्यानंतर दुसऱ्या दिवशी, माती ओलसर पण चिखल नसलेली असताना, रोप बुंध्याशी धरून सरळ वर ओढावे म्हणजे मूळ तुटत नाही. उलट, नुकती उगवलेली दोन पानांची रोपे कोरड्या, उन्हाच्या दिवशी खुरप्याने हलकेच खरवडावीत. ती उन्हातच सुकून जातात. गाजर गवत उपटताना हातमोजे घालावेत, कारण त्याच्या स्पर्शाने अनेकांच्या कातडीवर पुरळ उठते आणि परागकणांचाही त्रास होतो. आंबुशीच्या पिकलेल्या शेंगा हात लागताच फुटून बी दूरवर उडवतात, म्हणून ती शेंगा हिरव्या असतानाच काढावी. घोळ उपटून तिथेच टाकली तर मांसल खोडातल्या ओलाव्यावर ती पुन्हा मुळे धरते. ती बादलीत भरून बाहेर न्यावी.

खरी परीक्षा लव्हाळ्याची असते. गवतासारखे दिसणारे पान असले, तरी फुलोऱ्याचा दांडा दोन बोटांत फिरवून पाहिला की त्याच्या तीन कडा लागतात. ही त्याची खात्रीची खूण. वरचे पान ओढले की ते सहज तुटून हातात येते आणि जमिनीत, बहुतेक वरच्या पंधरा सेंटीमीटरमध्ये, काळपट सालीच्या, वासाळ गाठी बारीक दोऱ्यासारख्या खोडाने एकमेकींना जोडलेल्या तशाच राहतात. कुदळीने माती उलथली तर ही माळ तुटते आणि आजवर झोपून असलेली प्रत्येक गाठ स्वतंत्रपणे फुटते. मोठ्या उत्साहाने केलेल्या खणणीनंतर लव्हाळा दुप्पट होतो तो यामुळेच. त्यापेक्षा हातखुरप्याने कोंबाच्या कडेने माती सैल करून, माळ न तोडता जेवढ्या गाठी निघतील तेवढ्या काढाव्यात आणि राहिलेल्यांना फुटलेला प्रत्येक कोंब चार-पाच पानांचा होण्याआधी छाटत राहावा. दर दोन-तीन आठवड्यांनी हे नेमाने केले तर गाठींतला साठा संपत जातो. यास एखादा हंगाम नव्हे, दोन-तीन हंगाम लागतात.

हरळी बहुधा शेजारच्या हिरवळीतून आत सरकते आणि तिचे पेर जिथे मातीला टेकते तिथे मूळ धरते. ताटव्याच्या कडेने सपाट फावड्याने दहा ते पंधरा सेंटीमीटर खोल, उभ्या काठाची चर काढून ठेवली तर चरीवर आलेले धुमारे लगेच दिसतात आणि कात्रीने छाटता येतात. केना मात्र उपटताना त्याचा तुकडाही मागे राहू देऊ नये. पेरांतून तो पुन्हा फुटतोच, शिवाय एका जातीच्या केन्याला जमिनीखालीही फुले येऊन बी धरते.

तण काढल्यावर माती उघडी ठेवू नये. बऱ्याच तणांच्या बारीक बियांना उगवायला उजेड लागतो, तो आच्छादनाने अडतो. जाड पुठ्ठा, चिकटपट्टी काढून, एकमेकांवर पंधरा सेंटीमीटर चढेल असा अंथरून भिजवावा आणि त्यावर वाळलेला पाला किंवा लाकडाचा चुरा पाच ते सात सेंटीमीटर पसरावा. झुडपाच्या खोडाभोवती बोटभर नव्हे, चांगली वीतभर जागा मोकळी सोडावी, नाहीतर साल ओली राहून कुजते. चुरा मातीत मिसळू नये. कुजताना तो नत्र ओढून घेतो, वर पसरलेला असताना हा त्रास फारसा होत नाही. लव्हाळ्याचे टोकदार कोंब मात्र आच्छादनही भेदतात, हे गृहीत धरावे. तणरोधक कापड मला पटत नाही, कारण वर्षभरात त्यावर धूळ-पाला साचून तण त्यातच मुळे रोवते आणि मग ते काढताना कापडही फाटते. मीठ टाकण्याचा घरगुती उपाय तर झुडपांच्या मुळांवरच बेततो.

लव्हाळा आणि हरळी दोघांनाही सावली मानवत नाही, म्हणून झुडपांनीच जमीन झाकली तर अर्धी खुरपणी वाचते. तळाच्या फांद्या सौंदर्यापायी सफाचट करून बुंधे उघडे पाडणे त्यामुळे अंगाशी येते. वाळलेल्या, रोगट आणि एकमेकांवर घासणाऱ्या फांद्या काढाव्यात. खूप जुन्या झुडपाच्या जाड खोडांपैकी एक तृतीयांश दरवर्षी जमिनीलगत कापली तर खालून नवी फूट येते. जास्वंद नव्या फुटीवर फुलते, त्यामुळे तिची छाटणी बेधडक करावी. मागच्या वर्षीच्या काड्यांवर फुलणारी झुडपे फुले ओसरल्यावरच छाटावीत. कण्हेर सर्वांगाने विषारी असल्याने तिच्या फांद्या कापताना हातमोजे घालावेत आणि त्या जाळू नयेत, कारण धूरही घातक असतो.

उपटलेले तण बी धरलेले नसेल तर खतखड्ड्यात टाकता येते. लव्हाळ्याच्या गाठी आणि हरळीचे धुमारे मात्र काळ्या प्लास्टिकच्या पिशवीत बांधून उन्हात तापत ठेवावेत आणि ते पूर्ण काळे पडून कुजल्यावरच खड्ड्यात जाऊ द्यावेत.